शांतवनमामा इंजिन बांधतात

इंजिन खोलायचं असेल त्या दिवशी शांतवनमामा खाकी कपडे घालायचे आणि बांधायचं असेल त्या दिवशी पांढरा सदरा. दवाखान्यात नव्यानं आलेल्या माणसाला हे उलटंच वाटायचं. मलाही वाटलं होतं. मी विचारलं, तर म्हणाले, "खाकी कापडावर घान दिसत न्हाई, सिस्टर. पांढऱ्यावर दिसती. सदऱ्याला लागली म्हंजी हाताला हुती. हाताला हुती म्हंजी इंजिनात जानार."

सदऱ्यावर डाग पडला की काम थांबायचं. हात पुन्हा रॉकेलनं, मग साबणानं धुतले जायचे, नखं काडीनं कोरली जायची आणि मगच पाना हातात यायचा. त्यांच्या बायकोला, मार्थामामींना, त्या सदऱ्याचा भारी राग. "यांचं इंजिन ऱ्हातंय सोच्छ आन माझा साबन संपतोय," असं त्या येईल-जाईल त्याला सांगत. सदरा मात्र दर वेळी निळीत बुचकळून दोरीवर वाळत असायचा.

पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या पुढे एका माळावर मिशनचा लहानसा दवाखाना होता. एक डॉक्टरबाई, एक कंपाउंडर, मी, आणि ड्रायव्हर म्हणून नेमलेले शांतवनमामा. मी देवळाली प्रवऱ्याची, पाटाच्या पाण्यावर आणि उसाच्या सावलीत वाढलेली. नर्सिंग संपवून पहिल्या नोकरीला त्या उघड्या माळावर उतरले तेव्हा परत जाणारी एसटी दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्याकडे बघत होते. मला घ्यायला मामा आले होते. उंच, वाळके, मोठाल्या कानांचे. माझी ट्रंक जीपमध्ये ठेवत ते म्हणाले, "आमी बी श्रीरामपूरकडचे. आमाला बी इथं पयल्यांदा रडूच आलं हुतं." बस, एवढंच. पण मला त्या दिवशी तेवढाच धीर पुरला.

ती जीप लष्कराच्या लिलावातून आलेली, पेट्रोलवर चालणारी, मामांच्याच शब्दात सांगायचं तर 'दोन-चार लढाया बघितल्याली'. तिचं सगळं तेच बघायचे. वरच्या गावांना लसी टोचायला जायचं, अडलेली बाळंतीण आणायची, नगरहून औषधं आणायची, सगळं तिच्यावर. ती उभी राहिली की दवाखाना अर्धा बंद.

मामांना एक गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे जोरानं आवळणं. मग ते काहीही असो. कंपाउंडर औषधांच्या बाटल्यांची झाकणं पिळून बसवायचा, तर मामा जाता येता ती थोडी सैल करून ठेवायचे. कुणी नळ करकचून बंद केला तर उठून यायचे आणि बोटाच्या टोकानं पुन्हा बंद करून दाखवायचे. "जोर बैलाला आसतो," ते म्हणत, "हाताला अंदाज आसतो." बोल्टाबद्दल बोलताना 'आवळला' हा शब्दसुद्धा त्यांना फारसा आवडत नसे. "बोल्ट बसवायचा आसतो. त्यो बसला की सांगतो. ऐकायला पायजे."

पण नुसत्या अंदाजावर त्यांचा विश्वास होता असंही नाही. त्यांच्याकडे एक लांब दांड्याचा पाना होता, मुठीजवळ काट्याची पट्टी असलेला. बोल्ट किती ताणला गेला ते त्या काट्यावर कळायचं. मिशनच्या कुणा जुन्या साहेबानं जाताना तो त्यांना दिला होता. टॉर्कचा पाना, असं ते म्हणत. तो फलाटीनच्या मऊ फडक्यात गुंडाळून, बायबलच्या शेजारी फळीवर ठेवलेला असे. एकदा आमच्या दारात एक ट्रक बंद पडला. चाकाचा नट निघेना. ड्रायव्हरनं फळीवर फडक्याबाहेर आलेली त्या पान्याची लांब दांडी बघितली आणि म्हणाला, "मामा, ते द्या की. चांगला लांब हाय, जोर लागंल."

मामांचा चेहरा असा झाला की जणू त्यानं घरातली तान्ही पोर मागितली. "काठी पायजे तर कुपाटीतली घ्या," ते म्हणाले. "ह्यो तराजू हाय. तराजूच्या दांडीनं कुनी दगूड उचलतं का?" ड्रायव्हर फुरंगटून बसला. मग मामा स्वतःच रॉकेलचा डबा घेऊन त्याच्या चाकापाशी बसले. नटवर थेंब थेंब सोडायचे, हातोडीनं हलकेच टिचकी मारायचे, पुन्हा थेंब. अख्खी दुपार गेली. शेवटी साध्या पान्यानं नट निघाला, तेव्हा तो ड्रायव्हर झोपलेला होता आणि मामांनी त्याला चहासाठी उठवलं.

मी त्यांच्या कामात ओढली गेले ती एका तुटलेल्या बोल्टामुळे.

इंजिनाच्या ब्लॉकवर वरून एक जड झाकण बसतं, त्याला हेड म्हणतात. दोघांच्या मध्ये गॅस्केटचा पातळ पत्रा असतो. हेडाचे सगळे बोल्ट सारख्या ताणानं बसले तरच आतला जाळ आत आणि पाणी पाण्याच्या जागी राहतं. एक कमी, एक जास्त झाला की गॅस्केट फुंकतं, म्हणजे जळून फाटतं. एवढं मला तोवर बघून बघून कळलं होतं. ते युद्धाचे दिवस होते, डिसेंबरचे. मामांचा मुलगा प्रकाश फौजेत होता, सीमेवर. कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरबाईंच्या खिडकीत रेडिओ लावलेला असायचा. मामा खाली अंगणात हेड बसवत होते आणि वर बातम्या चालू होत्या. मी व्हरांड्यात पट्ट्या गुंडाळत होते. बातम्यांत कुठल्याशा चकमकीचं नाव आलं आणि त्याच वेळी खालून 'टक्' असा आवाज आला. सुकी काटकी मोडावी तसा.

मामा पान्याकडे बघत बसले होते. बोल्टाचं डोकं पान्यात आणि बाकीचा बोल्ट ब्लॉकमध्ये रुतलेला. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. ते उठले, हात पुसले, सरळ डॉक्टरबाईंपुढे जाऊन उभे राहिले.

"बाई, बोल्ट माझ्या हातानं तुटला. बोल्ट चांगला हुता. माझं ध्यान नव्हतं. आता गाडी काही दिस उभी ऱ्हानार."

डॉक्टरबाई कडक होत्या. औषधाचा चमचा वाकडा ठेवला तरी बोलायच्या. त्यांनी उठून रेडिओ बंद केला आणि विचारलं, "शांतवन, प्रकाशचं काही कळलं का हो?"

मामांनी नाही म्हणून मान हलवली आणि मग ते तिथेच, दाराच्या चौकटीला धरून, लहान मुलासारखे रडले.

तो तुटका तुकडा काढायला पुढचे कितीतरी दिवस गेले. बारीक छिन्नी घेऊन, कडेला हळू हळू ठोकत, त्याला उलटा फिरवत फिरवत त्यांनी बाहेर आणला, ब्लॉकच्या आट्याला ओरखडा न पाडता. तो निघाला त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "सिस्टर, एक काम करा. मी बोल्ट बसवताना तुमी आकडा बोला. आकडा कानावर पडला की माझं ध्यान दुसरीकडं जानार न्हाई."

तेव्हापासून तो रिवाजच झाला. मामा खडूनं हेडावर प्रत्येक बोल्टापाशी आकडा लिहायचे. एक मधोमध, दोन त्याच्या समोर, मग तिरपं इकडे, तिरपं तिकडे, असं करत कडेपर्यंत. आधी सगळे बोल्ट नुसते टेकवायचे, मग पुन्हा एकपासून थोडा ताण, मग पुन्हा एकपासून पुरा. मी म्हणायची, "एक." पाना फिरायचा, काटा हलायचा आणि मामा म्हणायचे, "बसला." मी म्हणायची, "दोन." "बसला." त्यांनी 'बसला' म्हटल्याशिवाय मी पुढचा आकडा म्हणायचा नाही आणि मी आकडा म्हटल्याशिवाय त्यांनी पाना उचलायचा नाही.

"कडेपासनं का नाही सुरू करायचं?" मी एकदा विचारलं.

"तुमी पलंगावर चादर घालता तवा सुरकुती कशी काढता?"

"मधून बाहेर."

"मंग? कडा आदी दाबल्या तर सुरकुती मदीच अडकती. गॅस्केटचं बी तसंच."

शाळेत असं शिकवलं असतं तर मला गणितही आलं असतं.

प्रकाश पुढे ईस्टरच्या सुमारास सुखरूप घरी आला. मामींनी सगळ्या दवाखान्याला पुरणपोळी घातली. पोरगा जेवत असताना मामा नुसते समोर बसून राहिले होते.

त्यानंतर दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या, गुरं छावणीत गेली, माणसं खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेली. आम्ही रोज जीप घेऊन त्या कामांवर जायचो. कुणाच्या डोळ्यात खडीची कपची, कुणाला उन्हाचा तडाखा, पोरांना जुलाब. मामा जीपमध्ये इंजिनासाठी पाण्याचा एक डबा नेहमी भरून ठेवत. त्या डब्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

एका दुपारी कामावर पाण्याचा टँकर आलाच नाही. बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. आमच्या पिण्याच्या बाटल्या केव्हाच रिकाम्या झालेल्या. मामा थोडा वेळ जीपला टेकून उभे राहिले आणि मग त्यांनी तो डबा खाली उतरवला. पोरांना आधी, मग बायकांना, तांब्या तांब्या वाटून तो रिकामा केला. परतीच्या वाटेवर इंजिन उकळलं. वाफेचा लोट उठला, हेड तापलं, गॅस्केट गेलं. मामांनी जीप बाजूला घेतली आणि दवाखान्यापर्यंत आम्ही ती बैलजोडीनं ओढत आणली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "शांतवन, तुम्हाला माहीत होतं ना असं होणार?"

"व्हय बाई. पन मानसं वाळली हुती. म्हनलं, इंजिन दुरुस्त करता येतं."

नवीन गॅस्केट आणायला ते एसटीनं नगरला गेले. जुनं ठोकून ठाकून बसवा, असं कंपाउंडरनं सुचवलं होतं. मामा म्हणाले, "उष्ट्या ताटात पाव्हन्याला वाढत्यात व्हय?" गॅस्केट आलं, हेड घासून सपाट झालं. बोल्टांची भोकं बारीक काडीला चिंधी गुंडाळून कोरडी केली, आट्यांना तेलाचं बोट लागलं. पांढरा सदरा आला, खडूचे आकडे आले आणि एका सकाळी आम्ही दोघांनी 'एक, बसला, दोन, बसला' करत इंजिन बांधलं. दुपारी ते चालू करायचं, चांगलं तापू द्यायचं आणि मग बोल्ट आणखी एकदा फिरवून बघायचे, असा त्यांचा नेम होता. नवीन गॅस्केट तापलं की दबतं, बोल्ट थोडे सैलावतात, हे ते दर वेळी सांगायचे. लोक म्हणायचे, झालं की मामा, आता कशाला? मामा म्हणायचे, "आत्ता कुठं निम्मं झालं."

इंजिन नुकतंच सुरू केलं होतं, तोच फाटकातून बैलगाडी आली. गाडीत खडी फोडणारी एक बाई, गया नावाची, आणि तिची सासू. गयाचे दिवस भरलेले, कळा सकाळपासून. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "मूल आडवं आहे. इथे होणार नाही. नगरला न्या, लगेच." त्यांच्याकडे एक पोर सलाईनवर शेवटचे आचके दिल्यासारखं करत होतं, त्याला सोडून त्या येऊ शकत नव्हत्या. मी गयाबरोबर मागे बसले, सासू माझ्या शेजारी, आणि जीप निघाली.

तिसगाव मागे पडलं. रस्ता वाईट, ऊन मी म्हणत होतं, गया माझा हात पिरगळत होती. करंजी आलं, समोर घाट दिसू लागला आणि मामांनी एका लिंबाखाली जीप थांबवून इंजिन बंद केलं.

"मामा, काय झालं?"

"काय न्हाई. बोल्ट फिरवायचे ऱ्हायलेत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि माझं डोकं फिरलं. "आत्ता? मामा, ही बाई मरेल इथे!"

"घाटात गाडी बसली तर मंग काय करायचं, सिस्टर? वर न्यायला कोन हाय?" ते खाली उतरले, बॉनेट उघडलं.

सासूनं तोंड सोडलं. "मुडद्या, माझी सून चालली आन तुला गाडी सुचती व्हय? तुझं तळपट हुईल!" मामांनी ते सगळं ऐकून घेतलं. फलाटीनमधून पाना काढला, तापलेल्या लोखंडाला हात लागू नये म्हणून मनगटाला फडकं गुंडाळलं आणि म्हणाले, "बोला, सिस्टर."

"मी हिला सोडून येणार नाही."

"येऊ नका. तिथनंच बोला. पन हळू बोला. मला घाई लावू नका."

त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. त्या आवाजानंच बहुतेक, मी म्हटलं, "एक."

"बसला."

"दोन."

"बसला."

तिसऱ्याला उत्तर आलं नाही. मी मान लांब करून बघितलं. पाना फिरतच होता, सकाळी पुरा ताणलेला बोल्ट चांगलाच सैलावला होता. मग काटा जागेवर आला. "बसला."

सासूच्या शिव्या थांबल्या होत्या. तिनं मला हळूच विचारलं, "ह्यो काय मंतर हाय का?"

तेवढ्यात गयाला जोराची कळ आली. मी तिचे खांदे धरले, तिचा घाम पुसला, आकडा म्हणायचा राहून गेला. पुढे मामा पाना बोल्टावर ठेवून तसेच उभे. वर बघितलं नाही, बोलावलं नाही. कळ ओसरली तशी गयाच दातओठ खात म्हणाली, "सिस्टर, म्हना की म्होरला आकडा!"

मी म्हटला. मग तीही माझ्याबरोबर म्हणू लागली. तिला जितपत मोजता येत होतं तितपत तिनं मोजलं, पुढचं मी. शेवटच्या बोल्टाला 'बसला' म्हणून मामांनी पाना पुसला, गुंडाळला, बॉनेट लावलं आणि इंजिन सुरू केलं.

घाट आम्ही एकदाही न थांबता चढलो. वाफ नाही, आचका नाही. वळणावर मामा इतक्या अलगद गाडी घेत की गयाचा हात माझ्या हातात क्षणभर सैल पडायचा. नगरच्या हॉस्पिटलात तिला सरळ ऑपरेशनला नेलं. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. दोघीही वाचल्या.

मी बाहेर आले तेव्हा मामा व्हरांड्यात बशीतून चहा पीत होते. समोर सासू उभी. तिनं पदराखालचं गाठोडं सोडलं, त्यातली भाकरी काढली आणि म्हणाली, "मघाशी शिव्या खाल्ल्या, आता ही खा." मामा हसले. अर्धी मोडून घेतली, अर्धी तिला परत दिली. "तुमी बी सकाळपासनं उपाशी हायसा."

ती आत गेल्यावर मी त्यांना विचारलं, "मामा, नसतो थांबलो तर खरंच गाडी बसली असती?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "खरं सांगू? ठावं न्हाई. कदाचित तशीच बी चढली आसती." बोटाला लागलेला चहा पुसला. "पन कदाचितवर बाई घालून घाट कसा चढायचा?"

मी लिंबाखाली काय काय बोलले होते, त्याचा उल्लेख त्यांनी त्या दिवशी केला नाही आणि पुढेही कधी केला नाही.

नंतर मी मोठमोठ्या हॉस्पिटलांत नोकरी केली, मेट्रन झाले. हाताखालच्या मुलींना मी शिकवायची की पट्टी बांधली, प्लास्टर घातलं, सलाईन लावलं, तर काम झालं असं समजू नका, थोड्या वेळानं परत जाऊन बघा. मुली मागे माझी नक्कल करत, हे मला माहीत होतं. घाईच्या वेळी माझा आवाज चढत नसे, याचं लोकांना नवल वाटायचं. ते माझं नव्हतं. उसन्यावर आणलेलं होतं आणि परत कुणाला करायचं ते कळलं नाही, म्हणून मी ते पुढच्यांना देत गेले.

दुष्काळ सरल्यावर मला दुसरीकडे नोकरी मिळाली आणि मी तो माळ सोडला. त्यानंतर मामांची एकच भेट झाली, काही वर्षांनी, श्रीरामपूरच्या बाजारात. मी पिशवी घेऊन मोसंबी निवडत होते. मागून मार्थामामींचा आवाज आला. शेजारी मामा, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. काचबिंदूनं दृष्टी जवळजवळ गेली होती. मी नुसतं "मामा" म्हटलं, तर म्हणाले, "सिस्टर!" आणि माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. प्रकाशला पेन्शन लागली, नात शाळेत जाते, मामींचे गुडघे दुखतात, असं सगळं बोलणं झालं. जीपचं विचारलं तर म्हणाले, "इकली. चांगल्या मानसाला इकली." मी त्यांना मोसंबी देऊ केली, ती त्यांनी घेतली, वास घेतला, आणि मामींकडे दिली.

मग ते दोघे रेल्वे फाटकाकडे निघाले. गर्दीतून मामी वाट काढत होत्या, मामा त्यांच्या खांद्यामागून संथ चालत होते. फाटकापाशी मामींनी वळून बघितलं. मी अजून तिथेच उभी आहे, असं त्यांनी मामांच्या कानात सांगितलं असावं. मामा थांबले, वळले, आणि हात वर करून हलवू लागले. मी जिथे होते तिथे नाही, बरंच डावीकडे, एका बंद दुकानाकडे तोंड करून, अगदी मनापासून.

मी पिशवी तिथेच टाकली आणि धावत जाऊन त्या दुकानापुढे उभी राहिले.